गाव : ऑनलाइन

प्रिय बाबा,

मागच्या बाजूचं छापील वाचू नका, ते माझ्याच योजनेचं पत्रक आहे. पन्नास छापली होती, एकतीस उरली. टाकवेनात, म्हणून त्यांच्याच पाठीवर लिहितेय. बसला अजून दोन तास आहेत. बाकावर शेजारी एक आजोबा आ वासून झोपलेत. नव्या बुटांनी टाचा अशा सोलल्यात की बूट पिशवीत आणि पाय फरशीवर. आधी चार दिवस घरात घाल म्हणाला होतात. घातले नाहीत. झालं.

तर स्पर्धा, नव्या धंद्यांच्या योजनांची. देशभरातून शाळा आल्या होत्या, एकेका शाळेची सात-आठ मुलं, सारख्या टी-शर्टात. माझ्या शाळेतून मी एकटीच, आणि शाळा म्हणाल तर ती पिशवीत, चार्जरसकट. दारात गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलं. नाव, शाळा, गाव. फॉर्म भरताना आपण पुलाच्या साइटवरून हलायच्या बेतात होतो, गावाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून मोकळा सोडला होता. त्यांनी आपल्या मनाने भरला : ऑनलाइन. मग तीन दिवस मी तीच. जेवण वाढणाऱ्या बाईसुद्धा म्हणायच्या, "ए ऑनलाइन, ताट सरळ धर, नेटवर्क गेलं का?"

खोलीत माझ्यासोबत एका बेकरीवाल्याची मुलगी आणि तिची मैत्रीण. दोघी बालवाडीपासून एका बाकावर. दुसरीत मैत्रिणीने हिची पट्टी मोडली होती, ते भांडण अजून मिटलेलं नाही. सकाळी दात घासतानासुद्धा तेच. "पट्ट्या आपोआप मोडतात का गं?" "तुझ्या मोडतात, मी काय करू!" तोंडात फेस आणि दोघी तावातावाने हातवारे करतायत. मी हसत होते आणि डोकं भलतीकडेच गेलं : माझं दुसरीत कोणाशी भांडण झालं होतं? दुसरीत मी तीन शाळांत होते. एकीचंही नाव आठवेना. एकीच्या डब्याला निळं झाकण होतं, एवढंच.

भरकटले. तुम्ही मला भिंगरी म्हणता ते काही उगाच नाही.

योजना तुम्हाला माहीत आहे, 'जिथल्या तिथे'. सारखी घरं बदलावी लागणाऱ्या माणसांसाठी. जुन्या खोलीचे फोटो काढून ठेवायचे आणि नव्या खोलीत संध्याकाळच्या आत सगळं हुबेहूब लावून द्यायचं. आई गेल्यापासून आपण दोघं दुसरं काय करतोय? काडेपेटी शेगडीच्या उजवीकडे, तुमचं हेल्मेट दारामागे, माझं टेबल खिडकीला लागून. दहा वर्षांत चौदा खोल्या. मी फक्त त्याला नाव दिलं.

परीक्षक तिघं होते. त्यांतल्या एक बाई फर्निचरचा कारखाना चालवतात, प्रश्न त्याच विचारत होत्या. त्यांनी विचारलं की मी दोन सेकंद गप्प. चार वर्षं साइट ऑफिसच्या पत्र्याच्या डब्यात बसून लॅपटॉपवर शिकले, बाहेर ड्रिल चालू, मी म्यूटवर, आवाज जायला-यायला वेळ. समोरचं बोलणं पुरतं पोचेपर्यंत थांबायची सवयच लागलीय. बाईंना वाटलं मला कमी ऐकू येतं. त्या प्रत्येक प्रश्न दुसऱ्यांदा ओरडून विचारायला लागल्या. सभागृह हसलं, मीही हसले.

मग पडद्यावर आपल्या तीन खोल्यांचे फोटो लावले. तिन्हीत सगळं तंतोतंत. बाई पुढे वाकून बघायला लागल्या. "दाढीचा ब्रश दिसतोय, मग आरसा एवढा खाली कसा?" मी सांगितलं, मी आठ वर्षांची होते तेव्हा वेणी घालताना मला दिसावं म्हणून बाबांनी खिळा तेवढ्यावर ठोकला, पुढे दर खोलीत टेपने मोजून तेवढ्यावरच. "आणि बाबा दाढी कशी करतात?" गुडघे वाकवून, म्हटलं. सगळे परत हसले. मला मात्र या वेळी हसू येईना. रोज बघते, बाबा, पण त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा दिसलं. आता तर मीही वाकतेच.

शेवटी त्यांनी विचारलं, "तू स्वतः घेशील का ही सेवा?" या वेळी दोन सेकंद थांबलेच नाही. "नाही," म्हणाले, "मला एकदाच लावायचंय आणि मग हलवायचंच नाही." नंबर आला नाही हे वेगळं सांगायला नको. बेकरीवालीच्या शाळेचा तिसरा आला. तिने मला ओढून त्यांच्या फोटोत घेतलं. सगळ्यांत कडेला अनवाणी उभी आहे ती मी.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण दिवसभर तुम्ही वर, क्रेनच्या केबिनमध्ये, आणि खाली उतरता तेव्हा इतके दमलेले असता की "जेवलीस का"च्या पुढे आपली गाडी जात नाही. मी "हो" म्हणते आणि बाकीचं गिळते. शनिवारी आपलं सामान धरणाच्या साइटवर जाणार, त्याच्या आत हे ऑफिसच्या पत्त्यावर पोचेल. मी थांबलेय ती बस तुमच्याकडची नाही. मावशीकडची आहे. तिच्या घरामागच्या शाळेत बारावीला जागा आहे, खरी बाकं असलेली शाळा. मावशी म्हणाली, आधी बाबांना कळव, मगच माझ्या दारात पाय ठेव. म्हणून कळवतेय; मी पोचले की मावशी तुम्हाला तसा फोन करेल. रागावून जात नाही, नुसती दमलेय. तुम्हाला रागवायचं असेल तर रविवारी मावशीच्या फोनवर रागवा, मी ऐकून घेईन. सुट्टीत येईनच. नव्या खोलीत काडेपेटी, हेल्मेट, सगळं जिथल्या तिथे लावा. आरशाचा खिळा तेवढा या वेळी तुमच्या उंचीवर ठोका.

तुमचीच,
भिंगरी