घरात आधीच एक मंगल होती

६ जानेवारी, पनवेल
नर्सिंग होममधली शेवटची ड्यूटी. सिस्टरांनी केक आणला, रडून घेतलं. मी कोरडीच. तिकडच्या वृद्धाश्रमाचं पत्र बॅगेत आहे, १ मार्चला हजर व्हायचं. देशाचं नाव इथेसुद्धा लिहीत नाही. पासपोर्टवर शिक्का बसला की लिहीन, उगाच नजर नको. त्या लोकांचं आपल्यासाठीचं व्हिसाचं ऑफिस काठमांडूला, म्हणजे आधी नेपाळ.
ओवीला आईकडे शिरढोणला सोडलं. नऊ वर्षांची, पण प्रश्न वकिलाचे. "एक वर्षानंतर नक्की नेणार? लिहिलंय का तसं?" लिहिलंय. वर्ष झालं की मूल नेता येतं, पत्रात एक ओळ आहे. त्या एका ओळीसाठी ही सगळी उठाठेव.
र. ला कळवलेलं नाही. तीन वर्षं तोंड पाहिलेलं नाही. नवरा म्हणून पासपोर्टवर मधलं नाव तेवढं उरलंय.

१० जानेवारी, गाडीत
पनवेलहून गोरखपूर. तिथून बस, मग सीमा, मग पुन्हा बस. डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं जातात आणि मी पनवेलकरीण दीड दिवस बर्थवर. फाइल पोटाशी धरून बसलेय. समोरच्या काकू म्हणाल्या, "दागिने आहेत का?" हो म्हटलं.

१३ जानेवारी, काठमांडू
थंडी अशी की बोटं वाकत नाहीत. नंबर सतरावा. खिडकीमागे एक नेपाळी मुलगी, गोड बोलणारी.
"दीदी, ये मंगल कौन है?"
"मैं."
"और रुचिता?"
"वो भी मैं."
नर्सिंगचे कागद मंगल नामदेव गावंड. पासपोर्ट रुचिता रोशन पाटील. तिने दोन्ही शेजारी ठेवले, माझ्याकडे पाहिलं. "शादी में सरनेम बदलता है, वो तो हमारे यहाँ भी. पहला नाम क्यों बदला?"
आता काय सांगू? खरं तेच सांगितलं. "घर में पहले से एक मंगल थी." मोठी जाऊ. एका घरात दोन मंगल कशा चालतील, हाक मारली तर दोघी ओ देतील, म्हणून लग्नातच माझं नाव बदललं. मुलीने ते आतल्या साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला नाही. लिहून घेतलं.

१४ जानेवारी
निकाल. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा सरकारी कागद आणा, १२ फेब्रुवारीच्या आत. नाहीतर फाइल बंद. पासपोर्ट परत दिला.
गेस्टहाऊसच्या गच्चीत उन्हाला बसून सगळे कागद पसरले. दहावी, नर्सिंग, रजिस्ट्रेशन: मंगल. आधार, पासपोर्ट: रुचिता. लग्नाच्या दाखल्यावरही रुचिताच. मध्ये काही नाही. अकरा वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, टाळ्या वाजल्या, आणि ते तांदूळ भटजी घेऊन गेले. तोच काय तो पुरावा.
पनवेलात कधी अडलं नाही. तिथे सगळे सिस्टर म्हणतात.
ओवीचा फोन. "तिळगूळ ठेवलाय तुझ्यासाठी. शिक्का कुठल्या रंगाचा आहे?"

१९ जानेवारी, पनवेल
लग्नाची नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भला माणूस. जुना फॉर्म काढून दाखवला. "वधूचे विवाहापूर्वीचे नाव" या रकान्यात सासऱ्यांच्या अक्षरात: रुचिता. दोन दिवस घरात सगळे मला तीच हाक मारत होते, त्यांनी तेच लिहिलं. मी सही ठोकली. फॉर्म वाचला कुठे होता?
"दुरुस्ती होईल मॅडम. पण नवरा-बायको दोघं माझ्यासमोर हवेत."
वकिलांना विचारलं, गॅझेटमध्ये नाव छापून घेतलं तर? तर त्यालाही जुनं-नवं जोडणारा पुरावा लागतो. म्हणजे दाखलाच. म्हणजे र.

२० जानेवारी
नाही जाणार त्याच्याकडे.

२३ जानेवारी
गेले. नेऱ्याच्या पुढे कुणाच्या तरी फार्महाऊसचं कंपाउंड घालून घेत होता. मजुरांपासून बाजूला, झाडाखाली नेलं. पाणी दिलं. जाड झालाय.
सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सही करतो ना मी. पन पोरगी माज्या घरी राहील. तसा लिहून दे."
"वर्षाने मला तिला न्यायचंय."
"ता वर्षानी बगू."
बघू म्हणजे नाही. आठ वर्षं संसार केलाय, त्याचं बघू मला कळतं. शिवी दिली, आयुष्यात पहिल्यांदा. मजूर बायांनी घमेली खाली ठेवली. येताना रिक्षात इतकी रडले की रिक्षावाल्याने गाणं बंद केलं.

२५ जानेवारी, शिरढोण
भाऊ म्हणतो, दे लिहून, कागदाला कोण विचारतं. आई म्हणते, मरेन पण पोर तिकडे देणार नाही. दोघं माझ्यावरच ओरडतात. नोकरी सोडून बसलेय, इथल्या पगारात खोलीचं भाडं आणि ओवीची शाळा, एवढंच जन्मभर. आणि तिकडे गेले तर ओवी हातची जाईल. कुठूनही मोजा, मीच कमी पडते.
ओवी पायरीवर बसून ऐकत होती. "मी पपांकडे राहिले तर तुझा शिक्का बसेल का?"
तिच्या वेण्या घालत बसले, दोनदा सोडून.

२८ जानेवारी
पुरावा म्हणून लग्नाची सीडी मिळते का बघायला सासरी, मोठ्या जावेकडे. र. कामावर असतो ती वेळ साधून. घर एकच, पण आता चुली दोन. मंगलताई चुलीवर भाकऱ्या थापत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुमच्यामुळे अडलंय बघा माझं, तुमच्या नावामुळे. गमतीत म्हणायला गेले, निघालं भलतंच कडू.
त्या तव्याकडे बघत म्हणाल्या, "माजा नाव तरी कुटं मंगल हाय? मी सुरेखा. लगनात केली मंगल."
"का? इथे आधी कुणी सुरेखा होती?"
"कोनी नवती. सासऱ्यांना नाय आवडला."
म्हणजे माझं नाव ज्या नावाला जागा करून देण्यासाठी गेलं, ते त्यांचंही नव्हतं! दोघी खो खो हसलो. मग मी रडायला लागले, त्यांनी भाकरी करपवली. अकरा वर्षांत मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी मला सांगितलं नाही. काय बाया आहोत आम्ही.
निघताना म्हणाल्या, "रोशन आठ वर्सांचा व्हता मी आली तवा. मी वाढवलाय. मी आनते त्याला."

२ फेब्रुवारी
आणला. ग्रामपंचायतीच्या बाकावर तिघं, मंगलताई मध्ये. ग्रामसेवकाने र. ला विचारलं, पत्नीचं लग्नापूर्वीचं नाव? मला वाटलं, आता आठवायला बसेल. त्याने एका दमात सांगितलं, "मंगल नामदेव गावंड, रानार शिरढोन." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. चांगलं वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.
सही करायच्या आधी त्याने खिशातून कागद काढला. ओवीचा. टाइप करून आणलेला.
मंगलताईंनी तो त्याच्या हातातून घेतला, घडी घातली, कमरेला खोचला. "पोर तुज्याकडं नाय, हिच्या आईसकडं नाय. माज्या चुलीवर राहील. तू कर सही." मग माझ्याकडे वळून, "आनि तू हो बोल."
बाहेर टेम्पो हॉर्न मारत होता. मी हो म्हटलं. दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही. किंवा महिनाभर तोच केला होता.
त्यांनी कागद फाडला नाही, खोचलाय फक्त. हे घरी आल्यावर लक्षात आलं.

४ फेब्रुवारी
दुरुस्त दाखला हातात. दोन्ही नावं एका ओळीत, मध्ये "ऊर्फ". चोराच्या नावात असतं तसं.
आई बोलत नाही माझ्याशी. जेवण वाढते, ताट आपटते. ओवीची बॅग मी भरली. तिने स्वतः फक्त कंपासपेटी आणि उशी घेतली.

५ फेब्रुवारी
ओवीला सासरी सोडलं. शाळा लांब पडेल, मंगलताई म्हणाल्या, व्हॅन येते. र. दारात उभा, तिला बघून इतका खूश झाला की मला बघवेना. वाईट बाप नाही तो. तेच तर कठीण आहे.
निघताना ओवी रडली नाही. मी नाक्यावर येऊन उसाचा रस मागवला आणि न पिता आले.

१० फेब्रुवारी, काठमांडू
कागद दिले. तीच मुलगी. दाखला वाचून म्हणाली, "अब ठीक लग रहा है, दीदी. पर फैसला साहब का." पासपोर्ट ठेवून घेतला. वेळ लागेल, मेसेज येईल. मतदार कार्डावर सीमा ओलांडून परत निघाले.

१४ फेब्रुवारी, पनवेल
मेसेज नाही. खोली झाडली, परत झाडली. शेजारीण विचारते, जाणार होतीस ना?

१६ फेब्रुवारी
नाही. ओवीला रोज सहाला फोन. आज म्हणे वेळ नव्हता, पपांबरोबर नदीवर गेली होती. चांगलं आहे की. चांगलंच आहे. जेवले नाही.

१९ फेब्रुवारी
सकाळी ११.४० ला मेसेज. पासपोर्ट घेऊन जा, स्वतः या. शिक्का बसला की नाही ते लिहीत नाहीत, बंद पाकीट देतात, उघडलं की कळतं. आज संध्याकाळच्या गोरखपूर गाडीचं तत्काळ मिळालं. बसला असेल तर हातात चार-पाच दिवस.
ओवीला फोन केला. म्हटलं, पाकीट आलंय बाळा, देवाला सांग.
ती हळूच, मंगलताई ऐकणार नाहीत असं, "आई, मी रोज सांगते देवाला. नको बसू दे म्हणून. रागावशील?"
नाही म्हटलं. खरंच रागावले नाही. फोन ठेवला आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभी राहिले, काय मागावं ते सुचेना. तशीच मागे वळले. गाडी साडेपाचची आहे, अजून बॅग भरायची आहे.