संग्रहालयातलं मडकं आमच्या चुलीवर

३० मार्च २०१२

हात लावू नका, हात लावू नका — बावीस वर्षं मी शाळेच्या पोरांना हेच ओरडत आले. आणि आज आमच्या संग्रहालयाच्या सुमेलूसाहेबांनी स्वतः कपाटं उघडली, म्हणाले, "अगाइचा, उचल. जे जमेल ते उचल."

वाळवंटातले बंदूकवाले दोन दिवसांच्या वाटेवर आहेत म्हणे. चित्र, पुतळा, माणसाची आकृती दिसली की पाप म्हणून हातोडा घालतात. साहेबांचा विचार सोपा — संग्रहालयात काही सापडलंच नाही तर फोडणार काय? म्हणून एकेक वस्तू एकेका घरी. मासे मारायचे जुने भाले कोळ्यांकडे गेले, कोरीव दरवाजा शेळ्यांच्या गोठ्याला लागला, तंतुवाद्य यूनुस न्हाव्याकडे. साहेब प्रत्येक वस्तू देताना असे बघत होते, जणू लेक सासरी निघाली आहे.

माझ्या वाट्याला मोठं मडकं आलं. त्याच्या पोटावर दोन बायका उठावात आहेत, एकमेकींचा हात धरलेल्या. ओढणीत गुंडाळून घरी आणलं. सासूबाईंनी ओढणी सोडली. त्या दोघी बायकांवरून बोट फिरवलं.

मग म्हणाल्या, "ठेव तिकडे. चुलीजवळ."

१ एप्रिल

आले. गाड्यांवर काळे झेंडे. संग्रहालयाचं दार तोडलं. आत रिकामी कपाटं — तीच फोडली!

४ एप्रिल

बाजारातून आले तर मडकं चुलीवर! आत भात रटरटतोय!

"अहो आई! हे काय केलंत? किती जुनं आहे ते!"

"मग मी काय कालची आहे?"

"तडकलं म्हणजे?"

"दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवलं होतं. पेज लावून तापवलं. तू मला मडकं शिकवू नकोस."

तेवढ्यात साहेब आले, मडक्याची चौकशी करायला. धूर बघून मटकन खाली बसले. डोक्याला हात. "मावशी, अहो, आम्ही त्याला हातमोजे घालून उचलायचो!"

"भात वाढू का?" सासूबाई म्हणाल्या.

सुक्या मासळीचा भात. दोनदा घेतला साहेबांनी. जाताना मान हलवत गेले, पण बोटं चाटत.

२२ एप्रिल

आज पुन्हा भांडण. विषय तोच.

९ जून

रेडिओवर गाणी बंद. लग्नात ढोल बंद. माझं डोकं उघडं दिसलं म्हणून चौकात एका पोरसवद्या बंदूकवाल्याने दरडावलं. माझ्या लेकाच्या वयाचा असेल — मला लेक असता तर. घरी येऊन रडले. सासूबाईंनी चहाची किटली निखाऱ्यावर ठेवली, त्याच पत्तीचा तीनदा उकळलेला चहा पाजला — पहिला पेला कडू, शेवटचा गोड. इद्रिसा गेल्यापासून आम्ही दोघीच. अकरा वर्षं झाली. माहेरची माणसं म्हणायची, नवरा गेला, आता सासूपाशी कशाला राहतेस? काय सांगणार त्यांना!

१७ जून

मडक्यावर काजळीचा थर बसलाय. त्या दोघी बायका दिसेनाशा झाल्या. मी काथ्या घेऊन घासायला बसले तर म्हातारीने हातातून काथ्या हिसकावला. "आतून घास. बाहेरून हात लावायचा नाही."

घ्या! आता ही मला सांगणार, हात लावू नका!

स्वतः मात्र ते चुलीवरून उतरवते तेव्हा झोपलेलं तान्हं पोर खाली ठेवावं तसं ठेवते.

१४ ऑगस्ट

म्हातारी झोपली. आता लिहिते.

सकाळी यूनुस न्हाव्याच्या घरी वाद्य सापडलं. दारातच जाळलं. यूनुसला मारलं. जिवंत आहे. तारा तुटताना आवाज आला — सगळ्या गल्लीने ऐकला.

मग घराघरांत शिरले. आमच्याकडे चौघं. म्होरक्याने मला विचारलं, "तू संग्रहालयात कामाला होतीस ना? तिथलं काय आहे इथे?"

मडकं समोर — चुलीवर. त्याच्याकडे बघायचं नाही, बघायचं नाही, असं मनाशी घोकत मी नेमकं तिकडेच बघितलं.

सासूबाई पाटावर बसल्या होत्या, हातात डाव. म्हणाल्या, "मी आहे ना. माझ्याहून जुनं ह्या घरात काही नाही. न्या मला. सुनेची तरी सुटका होईल."

एक पोरगा फिस्सकन हसला. म्होरक्याने त्याच्याकडे डोळे वटारले, पुढे आला आणि मडक्यावरचं झाकण बंदुकीच्या नळीने उडवलं. आत भात. बाहेर काजळी — काळीकुट्ट, बोटभर. तो मडक्यापासून वीतभर उभा होता, आणि त्या दोघी बायका काजळीखाली गप्प हात धरून होत्या.

"झाकण ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "माशा बसतील."

आणि त्याने ठेवलं!

ते गेले. मग म्हातारीच्या हातातला डाव खाली पडला. मी तिच्या शेजारी मातीतच बसले, तिचे दोन्ही हात माझ्या मांडीत घेतले. मी म्हटलं, "आई, काजळी तुम्ही मुद्दाम…"

"मग काय! कोळशाची आवड आहे मला?"

आणि मी, मूर्ख, काथ्या घेऊन बसले होते.

३ नोव्हेंबर

सासूबाईंचा खोकला हटत नाही. रात्रीची पाठ चोळून देते. "तुझे हात खरखरीत आहेत गं," म्हणतात. थांबले तर लगेच, "थांबलीस का?"

२९ जानेवारी २०१३

गेले! पहाटे गाड्या वाळवंटाकडे पळाल्या, दुपारी सैन्य आलं. यूनुसच्या बायकोने गल्लीत ढोल काढला — कुठे पुरला होता कोण जाणे! साहेब भर रस्त्यात नाचले. नाच येत नाही त्यांना.

१० फेब्रुवारी

वस्तू परत यायला लागल्या. दरवाजाला शेळ्यांचा वास. साहेब प्रत्येक वस्तू हुंगतात आणि हसतात. उद्या आमचं मडकं न्यायचं. सासूबाईंना सांगितलं. "नेऊ," म्हणाल्या. संध्याकाळी चूल पेटवली नाही.

११ फेब्रुवारी

मला उचलू दिलं नाही. खोकत खोकत, स्वतःच्या डोक्यावर घेऊन आल्या. संग्रहालयात येऊन मडकं खाली ठेवलं, पदराने थोडी काजळी पुसली. एका बाईचा चेहरा उघडा पडला.

"ही माझी आई," म्हणाल्या. "शेजारची माझी मावशी. आईनेच केलं हे. मी सात वर्षांची होते. गोरा अंमलदार नावेतून आला, दाखवायला नेतो म्हणाला, घेऊन गेला. आई रोज घाटावर जाऊन बसायची."

साहेबांच्या हातातली यादी खाली आली. म्हणाले, "मावशी, तुमचं आहे. घरी नेता का?"

"नको. माझ्यामागे चुलीवर फुटेल. ठेव इथेच. पण त्या गोऱ्याने विचारलं नव्हतं. तू विचारलंस."

मी म्हटलं, "आई, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू भात करू दिला नसतास."

बावीस वर्षं मी त्या मडक्यावरची धूळ पुसली. बावीस वर्षं आग्रह केला, एकदा या ना बघायला — आणि त्या म्हणायच्या, पाय दुखतात.