लाल कॅलिपर आणि बाटलीतलं ऑइल

मी, घरात भिंगरी म्हणून ओळखली जाणारी, वय सव्वीस, कुठल्याच गॅरेजात वर्षभर न टिकलेली, डोकं ठिकाणावर असताना (आई हे मान्य करणार नाही) राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते, कारण उद्या मी माझी गाडी घेऊन रेसच्या ट्रॅकवर जाणार आहे. त्याच ट्रॅकवर, जिथे ती टायरांच्या भिंतीत घुसली होती.

कलम १. घर माझ्या नावावर नाही. भाड्याच्या खोलीतली गादी घरमालकिणीला द्यावी. तशीही ती तिला स्वतःचीच वाटते.

कलम २. पाने, जॅक आणि टॉर्क रेंच काडीला. काडी म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो. हे तरी त्याने परत करू नये. अंगठी केली तेवढी पुरे.

कलम ३. रोज कामावर न्यायची आणि कधीमधी ट्रॅकवर पळवायची गाडी असेल, तर आधी ब्रेक ऑइल आणि पॅड बदलतात, मोठ्या डिस्क नंतर. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, उलटं केलं. स्वतःच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानाची जाहिरात व्हावी म्हणून माझ्या गाडीला मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे पकडणारे लाल कॅलिपर लावले.

मी म्हटलं, "दादा, ऑइल जुनं आहे, पाणी धरलंय त्याने. तापलं की उकळेल, मग ब्रेक लागणार नाही."

"अगं भिंगरे, ऑइल दिसतं का कुणाला? गिऱ्हाईक चाकाकडे बघतं."

"पण बदलतोयस ना?"

"बदललं समज."

गाडी भिंतीत घुसली त्या दिवशी ती काडी चालवत होता. सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. त्याचा पाय अजून नीट वळत नाही. दादाने दोन्ही घरांत सांगितलं, "पोराने ब्रेक उशिरा दाबला." आईने ते ऐकून लग्न मोडलं. सबब आईला या मृत्युपत्रात काहीही नाही.

कलम ४. गाडी दुरुस्त करताना निघालेलं ऑइल, काळ्या चहासारखं, मी बाटलीत भरून ठेवलंय. बाटली दादाला. गल्ल्याशेजारी ठेवावी, गिऱ्हाइकाला दिसेल अशी.

कलम ५. गाडीही दादालाच, पण एका अटीवर. त्याने काडीच्या घरी जाऊन, त्याच्या आईवडिलांसमोर म्हणावं, "ऑइल मी बदललं नव्हतं." तेवढंच. रडायची गरज नाही. न म्हटल्यास गाडी काडीला. ज्याला मिळेल त्याने ट्रॅकआधी ऑइल ताजं भरावं, थंड असताना न पकडणारे रेसचे पॅड रोजच्या रस्त्यावर वापरू नयेत, आणि पळवून आल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नये. हे कुठल्या गॅरेजात शिकले ते आठवत नाही. तिथला कुत्रा आठवतो.

साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना आणि दादाला बोलावलं होतं. आई न बोलावता दादाबरोबर आली. दादाने वाचून कागद खाली ठेवला. आईने उचलला.

"बदललं होतंस का रे?"

"आई, तू कुठे हिच्या नादाला लागतेस? दुकान उघडं टाकून आलोय मी."

"दुकान राहू दे. हो की नाही?"

तो चपला घालून निघून गेला. आईने कागद मांडीवर सरळ केला. मग म्हणाली, "पेन दे इकडे. आणि मला काही ठेवू नकोस. आहे तसंच राहू दे."

ठिकाण: माझी खोली
तारीख: ट्रॅकच्या आदला दिवस
सही: भिंगरी

साक्षीदार १: शिंपीकाका
साक्षीदार २: आई (इथलं थोरल्या मुलाचं नाव तिने स्वतःच्या हाताने खोडलं आहे.)