रडक्या गाण्यांचं इंग्रजी

मंगळवार, ४ मार्च

झोप नाही. डोळ्याला डोळा लागला नाही. त्या कागदामुळे! काल जेवताना नवऱ्याने पुढे सरकवला — "सही कर, चिमणीच्या शाळेचा फॉर्म आहे." चिमणी दोन वर्षांची! अजून चड्डी ओली करते, आणि शाळा? सगळं इंग्रजीत. मी म्हटलं, करते सावकाश. "तुला काय कळणार आहे वाचून?" म्हणे.

नाहीच कळलं. पण जाऊबाईंचं नाव ओळखलं. माझ्या पोरीच्या फॉर्मवर त्यांचं नाव कशाला?

बुधवार, ५ मार्च

चौथीत शाळा सुटली माझी. इंग्रजी अक्षरं येतात, अर्थ येत नाही. तो अर्थ कुरळी शिकवते, कुरळ्या केसांची म्हणून कुरळी — लाँड्रीत माझ्या शेजारच्या टेबलावर चादरींना इस्त्री करते. मोबाइलवर इंग्रजी गाणं लावते, एक ओळ झाली की थांबवते. "हां, सांग. लीव्ह?" मी म्हणते, सोडून जाणे. "काल सोडून गेला?" लेफ्ट! चुकलं तर पुढची चादर तिच्या वाट्याचीही मीच करायची. सहा महिने झाले, आठवड्याला एक गाणं.

पण मेली सगळी गाणी रडकी! खुर्ची नाही, बादली नाही, पाव कुठे मिळतो ते नाही. नुसतं सोडू नकोस, विसरू नकोस, हृदय परत दे. मला इंग्रजीत दुकानात मीठ मागता येत नाही, पण जन्मभर वाट बघेन असं म्हणता येतं!

घरी गुणगुणले तर नवरा — "आल्या मड्डम!" सासूबाई — "आधी पोरीचं नाक पूस, मग इंग्रजी फाड."

पुसते की नाक. रोज. मीच पुसते.

गुरुवार, ६ मार्च

नवरा आंघोळीला गेला तेव्हा कागदातल्या चार ओळी वहीत उतरवल्या. लाँड्रीत चहाच्या सुट्टीत एकेक शब्द लावला. मदर. चाइल्ड. गिव्ह. फॉरएव्हर. नेव्हर.

सगळे ओळखीचे! सगळे गाण्यातले! त्या रडतराऊंनी शिकवलेले!

कुरळीला दाखवायची लाज वाटत होती. दाखवलं. तिची इस्त्री जागच्या जागी थांबली, चादर करपली. "हे कुणी दिलं तुला?" मग हळू — "सही करू नकोस. मेलीस तरी करू नकोस." आई मूल कायमचं देतेय, पुन्हा कधी मागणार नाही, असं लिहिलंय म्हणाली.

कुणाला देतेय ते मला आधीच कळलं होतं.

शुक्रवार, ७ मार्च

विचारलं तोंडावर. नवरा आधी हसला — "गाण्यातून कळलं?" मग हसू गेलं.

जाऊबाईंना मूल नाही. भाऊजी, त्यांचा नवरा, ह्याला आपल्या गॅरेजात कामाला लावणार. बदल्यात माझी पोर! सासूबाई म्हणतात, "परकी आहे का ती? काकूच आहे. तू तरणीताठी, तुला अजून होतील." जणू लिंबाचं झाड मी! एक तोडलं, दुसरं येईल!

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ह्या घरात ओरडले. चिमणी घाबरून टेबलाखाली गेली. त्याने माझा मोबाइल घेतला. "उद्यापासून लाँड्री बंद. तिथेच डोकं फिरलंय तुझं."

भीती वाटते. पण राग जास्त आहे. बरंय.

शनिवार, ८ मार्च

कुरळीने सांगितलं होतं — 'विल' म्हणजे अजून झालेलं नाही, पुढे होणार. कागदभर 'विल' आहे. सही करणार नाही. चिमणीला कडेवरून खाली ठेवलं नाही आज.

रविवार, ९ मार्च, दुपार

अंगठ्याला शाई आहे. मी अंगठा दिला नाही — नवऱ्याने आणि सासूबाईंनी धरून घेतला! चिमणी पलीकडच्या खोलीत रडतेय. दार बाहेरून लावलंय. उद्या सकाळी जाऊबाई तिला नेणार.

वही खिडकीतून रस्त्यावर टाकतेय. कोणी का असेना वाचणारं — माझ्या भावाला फोन करा. नंबर पुठ्ठ्याच्या आत मोठा लिहिलाय. सांगा, तुझ्या बहिणीने पोर दिली नाही. आजच करा.