मधला सूर

दि. ४ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझी हत्यारांची पिशवी सुखरूप असेल आणि जीभही धारेवर असेल, अशी आशा आहे. इथं संगीताच्या कॉलेजात मात्र तुझ्यामुळे माझं चांगलंच हसं झालंय.

काल हार्मनीच्या तासाला सरांनी मला पियानोवर एक साधा कॉर्ड, तीन सूर एकदम, धरायला सांगितला. मी धरला. सर माझ्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, की मधल्या बोटाला काही लागलंय का. लागलं नव्हतं. ते मी तळहाताशी मिटून घेतलं होतं, नेहमीसारखं. सगळा वर्ग खो खो हसला. मामा, मी असं करते हे मला आजवर माहीतच नव्हतं! रविवारी तुझ्याबरोबर घरोघरी पियानो सुरात लावायला यायची, तेव्हा काम संपल्यावर तू जे चार कॉर्ड वाजवून बघायचास, घर, अंगण, नाका आणि पुन्हा घर, ते मी तुझ्या हाताकडे बघून उचलले. तुझ्या उजव्या हाताला मधलं बोट नाही हे ठाऊक होतं. पण ते नसणं हा वाजवण्याचा भाग नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.

हसण्यावर निभावलं असतं तर बरं होतं. पण वर्षअखेरच्या कार्यक्रमासाठी मी पियानो आणि चार तंतुवाद्यांची जी रचना दिलीय, ती त्याच चार कॉर्डवर उभी आहे, आणि तिच्यात एकाही कॉर्डला मधला सूर नाही. सरांनी पानभर लाल शाई सांडली. त्यांचं म्हणणं, कॉर्ड हसरा की उदास हे मधला सूर ठरवतो. तोच काढून टाकला तर ऐकणाऱ्यानं करायचं काय? आठ दिवसांत दुरुस्त केली नाही तर रचना वाजणार नाही, आणि पुढचं वर्षभर मी पुन्हा याच बाकावर.

खरं सांगू? मला ती तशीच आवडते. सरांना पोकळ वाटते, मला तुझ्यासारखी वाटते. काय करू ते लगेच कळव.

लोभ असू दे, आणि या खेपेला टोमणे जरा कमी असू देत.
तुझा भुंगा

*

दि. ७ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसलो. मग चहा गार होईपर्यंत हसलो नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो, की मी तुला कॉर्ड शिकवले. शिकवलं काय, तर माझं व्यंग! बोट गेलं तेव्हा पियानोवादक होण्याचं खूळही त्याच्याबरोबर गेलं आणि गावाला एक बरा ट्यूनर मिळाला. कुणाचं फारसं नुकसान झालं नाही. पण तू आपलं धडधाकट बोट माझ्या जोडीला मिटून बसावंस, हा कुठला शहाणपणा?

तुझे सर त्या कॉर्डना एक-चार-पाच-एक म्हणत असतील. जसे काही बसचे नंबर. मी घर-अंगण-नाका-घर म्हणतो, कारण घरून निघालेला माणूस कितीही भटकला तरी नाक्यावर आला की त्याला घरची ओढ लागते. नाक्याचा कॉर्ड वाजवून पियानोचं झाकण लाव आणि गंमत बघ, समोरच्याला रात्रीचं जेवण जाणार नाही. तरीही सर बरोबर आहेत. मी एका मास्तराला बरोबर म्हणतोय, हे तारीख घालून जपून ठेव.

ट्यूनर म्हणून मी मधल्या सुराला चांगला ओळखतो. पियानो लावताना तो कधीच पुरता खरा ठेवता येत नाही. सगळ्या पट्ट्यांचं मन राखायचं तर त्याला जरा चढाच ठेवावा लागतो. खालचा आणि वरचा मजेत, ओढाताण मधल्याची. मी तीन भावंडांतला मधला, मला विचार. पण तोच नसला तर घर म्हणजे नुसत्या भिंती आणि छप्पर. तेव्हा निमूटपणे घाल तो. बोट माझं गेलंय, तुझं शाबूत आहे. माझ्यापायी वर्ष वाया घालवलंस तर तुझ्या आईला सांगेन. ती माझी धाकटी बहीण असली तरी तिला मीही भितो.

लोभ आहेच. उतरल्यासारखा वाटला तर कळव, तारेसारखा ताणून देईन.
तुझा नऊबोट्या मामा

*

दि. १४ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. सगळीकडे मधला सूर भरला. रचना लगेच गोडगोड झाली, लिफ्टमध्ये वाजवतात तशी. दुसऱ्या दिवशी सगळा खोडला. म्हणजे तुझं ऐकलं नाही.

मग शेवटच्या ओळीत एक केलं. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची जाड आवाजाची थोरली बहीण, अंगणातला सूर धरते. कॉर्ड नाक्यावर सरकतो, ही सूर सोडत नाही. सगळे घरी पोचतात, तरी ही तोच धरून दारात उभी. कानाला खुपतं, हिला कुणीतरी आत घ्या रे, असं होतं. आणि मग ती अर्धी पायरी उतरते आणि नेमकी मधल्या सुरावर येऊन बसते. सबंध रचनेतला तो पहिला आणि एकुलता एक मधला सूर. सरांच्या पुस्तकात या रेंगाळण्याला भारदस्त नाव आहे. मला ते आधी सापडलं, नाव मागाहून कळलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा वाजवायला लावलं. मग मला उठवून स्वतः पियानोवर बसले आणि, मामा, त्यांनी आपलं मधलं बोट मिटून ते चार कॉर्ड वाजवले! किती तरी वेळ वाजवत होते. शेवटी विचारलं, हे कुणी शिकवलं. मी सांगितलं, आमच्या मामानं, तो पियानो लावतो. सर म्हणाले, की लाल शाई पुसता येत नाही याचं त्यांना आज पहिल्यांदाच वाईट वाटतंय.

रचना वाजणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येकाला आपल्या पहिल्या गुरूची ओळ भरावी लागते. बाकीच्यांनी छाती दडपेल अशी नावं दिलीत. मी तुझं दिलं आणि पुढे लिहिलं, पियानो ट्यूनर. सरांनी खाली सही केली. २ मार्चला संध्याकाळी ये. काम आहे म्हणू नकोस. एक दिवस बेसूर राहिल्यानं पियानो मरत नाही, असं तूच म्हणतोस.

लोभ घेऊन ये, वाढवायचं इथं बघू.
तुझा भुंगा

*

दि. ४ मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

मी येत नाही असं कळवलं होतं, तरी मागच्या रांगेत तुला माझं टक्कल दिसलं, असं तुझ्या आईकडून समजलं. टक्कल पांघरून बसायची सोय अजून निघालेली नाही.

भेटायला थांबलो नाही. चारचौघांत माणसानं किती ओलं व्हावं याला मर्यादा असते, आणि ओल लागली की तारा गंजतात, हे ट्यूनरला कुणी सांगायला नको. शेजारच्या बाईंना पत्रिकेतली ती ओळ दाखवली. त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांच्या पलीकडच्या गृहस्थांनाही दाखवली. ते डुलक्या घेत होते, त्यांना उठवून. तुमच्या हॉलच्या पियानोची वरच्या पट्टीतली एक तार उतरलीय, तेवढं सांगून ठेव. लावणाऱ्याला दहाही बोटं असणार.

तुझी व्हायोला दारात उभी राहिली तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. चार बोटांनी, पण घट्ट. ती आत आली आणि मला तुझ्या सरांसमोर, तुझ्या आईसमोर, त्या झोपाळू गृहस्थांसमोर उठून ओरडावंसं वाटलं, की ही आमची आहे. ओरडलो नाही. आता लिहितोय.

काल निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे पियानो लावायला गेलो होतो. वीस वर्षं जातोय. काम झालं. सवयीनं घर, अंगण, नाका वाजवलं, आणि शेवटच्या घराला डावा हात उजव्यावरून नेऊन त्याच्या एका बोटानं मधला सूर लावला. जरा उशिरानं, तुझ्यासारखाच. बाई चष्मा पुसत बाहेर आल्या आणि विचारू लागल्या, की आज दुसरा कुणी माणूस आलाय का. मी सांगितलं, माणूस तोच आहे. बोट तेवढं भाचीचं आहे.

लोभ आता वाढवू नकोस, मावत नाही.
तुझा मामा,
पियानो ट्यूनर