शून्य चालत नाही

३ जून
आले एकदाची! खोली दुसऱ्या मजल्यावर, समोर शिंप्याचं दुकान. आरोग्य विभागाच्या कचेरीत मला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि वरचा पंखा चक्क चालतो, म्हणजे नशीब जोरावर आहे. काम मलेरियाचं. कुठल्या वस्तीत वर्षाला किती जणांना होतो, किती दगावतात, याचा अंदाज काढायचा. नोंदी नसतील तिथे आजूबाजूच्या वस्त्यांवरून आकडा बसवायचा. नवरा आणि आमची दोन वर्षांची चिमी रविवारी येतील.

७ जून
आज नेमकी माझीच वस्ती समोर आली. नोंद शून्य. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, शून्य चालत नाही, शून्य म्हणजे कुणी तपासलंच नाही. पटलं. मी आकडे बसवले: रुग्ण एकतीस, पाच वर्षांखालचा मृत्यू एक. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, गेल्या गेल्या शेजाऱ्यांना आजारी पाडलंस. खूप हसलो.

१४ जून
गल्लीत सगळ्या कामगारांच्या खोल्या. लहान मुलं दोनच, रस्त्याच्या या बाजूला आमची चिमी, पलीकडे शिंप्याचा मुलगा. चिमी दिवसभर त्याच्याकडेच पडीक असते. शिंपीणबाई दोघांना चिंध्या देऊन बसवते.
आमच्या बाजूला थंडीताप सुरू झालाय. मलेरियाच निघाला. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं दवाखाना चालवतोय, इथे एक रुग्ण पाहिला नव्हता. मला उगाच अस्वस्थ वाटतंय.

२० जून
डॉक्टरांकडे तीस झाले. मी बसवलेला आकडा एकतीस.
शेजारच्या टेबलावरचे काका रोज दोन बस बदलून येतात. का, विचारलं. म्हणाले, आपण आकडे बसवतो त्या भागात आपल्यापैकी कुणी राहत नाही, तुला सांगितलं नाही का कुणी?
नाही सांगितलं. कुणीच नाही.

२२ जून
चिमीला ताप. एकतिसावी. औषध लागू पडत नाही.
बाईंच्या हातापाया पडले. माझ्या वस्तीत पुन्हा शून्य घालू द्या म्हटलं. मान वर न करता म्हणाल्या, एकूण बेरीज वरच्या कचेरीत गेली आहे, ती आता बदलायची नाही. इथून काढशील तो मृत्यू दुसऱ्या वस्तीत घाल. रस्त्यापलीकडे दुसरी वस्ती लागते, तिथे घाल हवा तर.

२३ जून
घातला. मी आई आहे, काय करणार होते —
दुपारी ताप उतरला. चिमीने खायला मागितलं. मी रडले. खिडकी लावून घेतली.

२४ जून
शिंप्याचं दुकान बंद. मुलगा तापलाय.
नवरा विचारतो, तू तिकडे बघत का नाहीस. काय सांगू त्याला —

२५ जून
घरी कुणी नाही. नवरा फोन उचलत नाही. खिडकी उघडली —
तो समोर, शिंप्याच्या ओट्यावर. मदतीला गेलाय. चिमी त्याच्या खांद्यावर. पलीकडे. तिला पलीकडे नेलंय. आकड्याला नाव नसतं, तिथलं कुठलंही एक मूल —
तिची मान अशी का लोंबतेय —
जाते, उचलून आणते. आणली की तिकडे शिंप्याचा मुलगा एकटाच उरेल. आणि शिंपीणबाई मला हात करून बोलावतेय, हसतेय, तिचा मुलगा उठून बसला म्हणून, आणि मी खाली —