इंदूबाई बोटीवर मजेत आहे

२० नोव्हेंबर, गुरुवार

बोटीवर भाकरी चालत नाही म्हणे. सुकट नाही, लसणाची चटणी नाही. मुंबईच्या धक्क्यावर, दारावरच्या त्या माणसानं माझी पिशवी टेबलावर उपडी केली, डबा उघडून नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि सगळं कचऱ्याच्या पिंपात टाकलं. पहाटे उठून थापलेल्या भाकऱ्या. मी विचारलं, आत काय सोनं खायला घालता काय? तर एक लिपस्टिकवाली पोरगी इंग्लिशमध्ये काहीतरी बोलली आणि मला बाजूला उभं केलं. शाळेत करतात तसं. आमच्या बचत गटाच्या बाया तोवर पुढे गेल्या होत्या. विमलबाई, शकिला, सगळ्या. एकीनं मागे वळून बघितलं नाही. विमलबाईची माझी भिंतीला भिंत, तिनंही नाही. सगळ्यांच्या माना वर त्या बोटीकडे, जशी काय पहिल्यांदा नवरी बघतायत.

मी म्हटलं, गेली बोट खड्ड्यात. पिशवी उचलली आणि परत फिरले.

समीक्षा, ही वही तूच धाडलीस. बोटीवर काय काय बघतेस ते रोज लिही, मी वाचीन, म्हणालीस. आता हे तुला कसं वाचायला देऊ? ही पानं मागाहून फाडीन. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय डोकं शांत व्हायचं नाही, आणि इथे माणूस नाही.

इथे म्हणजे कळंबला. घरी कशी जाणार? कुंभिवलीची आमची सगळी आळी मला हायवेपर्यंत पोचवायला आली होती. ओवाळलं, नारळ दिला. संध्याकाळी परत दारात दिसले असते तर वर्षभराची करमणूक झाली असती त्यांची. म्हणून नेरळला उतरले. माझा चुलतभाऊ धाकलू इथे मुंबईच्या एका शेटचा बंगला राखतो. तो बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलाय, किल्ली कुठे ठेवतो ते मला माहीत.

आणि खरं सांगू, बरंच झालं. पांढरीशुभ्र लादी, पडवीत झोपाळा, समोर कापलेली खाचरं आणि पलीकडे डोंगर. दुपारभर झोपाळ्यावर पाय सोडून बसले. कोणी चहा मागत नाही, कोणी हाक मारत नाही. बोटीवर याहून जास्त काय असणार? पाणी.

एकच गोष्ट खटकते. आज अवस. अवसेला प्रवासाला निघू नये म्हणून मी सोमवारीच प्रस्थान ठेवलं होतं. माझी अंगावरची निळी साडी, मूठभर तांदूळ, सुपारी, हळदकुंकू, सगळं फडक्यात बांधून विमलबाईच्या घरी नेऊन ठेवलं. ते ठेवलं की माणूस निघालं असंच धरतात, अंग मागाहून जातं. ते गाठोडं विमलबाईनं आपल्या पिशवीत घेतलं होतं, ते बोटीवर गेलं. आणि मी इथे. असं कोणाचं झालेलं ऐकलं नाही. आल्यावर तिलाच विचारीन, अशा वेळी काय करायचं असतं.

तुला मात्र कळू द्यायचं नाही. माझ्या तोंडाला कंटाळून दोन दिवाळ्या माहेरी आली नाहीस, आणि तरी पगारातून साठवून मला बोटीवर पाठवलंस. मंगळवारी बोट परत लागेल, तोवर लपून काढते. बाया ग्रुपवर फोटो टाकतील. ते बघून तुला माझे अनुभव सांगीन.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन चालू केला तर फोटोंचा ढीग. बोट म्हणजे खोपोलीची एखादी कंपनी उचलून पाण्यात ठेवावी एवढी. काचेची लिफ्ट, गालिचे, जेवायला पदार्थांची रांग. शकिला पोहायच्या टाकीत पाय सोडून बसलीय, गॉगल लावून, जशी काही बोट तिच्या वडिलांची.

त्यांनी एक टूम काढलीय. संध्याकाळी सगळ्या गोल बसतात, बाकीचे प्रवासीही येतात, आणि एकेकीनं आपला अनुभव सांगायचा. तो बोलून ग्रुपवर टाकायचा. विमलबाईचा अनुभव काय, तर संडासात हात पुढे केला आणि नळ आपोआप सुटला, ही ओरडत बाहेर. मी झोपाळ्यावर एकटीच हसले. हसू थांबल्यावर बंगला फार मोठा वाटला.

मग जेवणाचा फोटो आला. गोल टेबल, सगळ्या बसलेल्या, आणि मधे मी.

निळ्या साडीत.

चरकले आधी. मग म्हटलं, हे मोबाइलचे धंदे असणार. शकिलाचा पोरगा तौकीर असलं करतो, मेलेल्या आजोबांच्या फोटोला पापण्या मिटायला लावल्या होत्या त्यानं. मी आले नाही हे तुला कळू नये म्हणून बायांनी करवून घेतलं असेल. जन्मात एकदा तरी अक्कल चालवली. फक्त एक चुकलं. फोटोतली इंदू तोंड उघडून हसतेय. माझा पुढचा दात तुटका, मी लग्नाच्या फोटोतसुद्धा ओठ मिटून आहे.

खाली तू लिहिलंस, आई, किती छान दिसतेस.

मला कधी म्हणाली नाहीस असं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज माझा अनुभव आला. माझ्या आवाजात. आणि हिरव्या पट्टीत, म्हणजे माझ्याच फोनवरून गेलेला. मी तर भाजी चिरत होते, फोन खिडकीत.

ती हळू बोलते. मला जमत नाही तसं, थांबत थांबत. तुझ्या जन्माचं सांगितलं तिनं. भिवपुरीच्या वीजघराचे क्वार्टर, तुझे वडील ड्युटीवर, नर्स आलीच नाही, शेजारची सोनुबाई हातातलं टाकून धावली. तू रडेनास म्हणून तिनं ताटावर पळी बडवली, तेव्हा कुठे टाहो फोडलास. हे मी विमलबाईलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तौकीरला कुठून कळणार?

शेवटी ती म्हणाली, समीक्षा, तुझी फार आठवण येते गं. घरी ये ना.

तुझं उत्तर आलं. रडत होतीस. उद्याच येते, घर उघडून ठेवते म्हणालीस.

मी लगेच विमलबाईला फोन लावला. हा काय चावटपणा लावलाय म्हटलं, मी कळंबला आहे. तर ती विचारते, कोण बोलतंय? इंदू तर हितं माझ्या बाजूला बसलीय. मी तिला दोन शिव्या घातल्या. ती म्हणाली, आवाज मातर बेस काढलाय हां. मी विचारलं, माझं गाठोडं कुठाय? ती म्हणाली, ते तर बोटीत पाय ठेवल्या ठेवल्या मी इंदूच्या हातात दिलं. तिनं तिथंच सोडलं, साडी नेसली. मग फोन तोंडापासून लांब धरून तिनं कोणाला तरी सांगितलं, आयकलं का गं इंदू, तू कळंबला हायस म्हने.

आणि तिकडे, तिच्या खोलीत कोणीतरी हसलं.

ते हसणं माझं आहे. दात तुटायच्या आधीचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी तुझा जन्म आठवायला बसले. येत नाही. म्हणजे येतं, पण फोनमध्ये ऐकलं तेवढंच, तिच्या शब्दांत. त्या खोलीला वास कसला होता? सोनुबाई दिसायला कशी? विमलबाईच्या नळाची गोष्ट मला ठाऊक आहे तशी ही ठाऊक आहे. दुसऱ्या कोणाच्या घरात घडलेली. ती गोल बसून सांगते आणि माझ्यातलं जातं.

म्हटलं लपणं बास. घरी जायचं, तुझ्यासमोर उभं राहायचं.

खालापूरला अब्बासचा टेंपो मिळाला. अब्बासनं मला बाजारातून हजारदा सोडलंय, उधारीवर, शिव्या खात. आज आरशात बघून म्हणतो, मावशी, कुठल्या तुमी? या बाजूला नवीन दिसता. मी म्हटलं, अरे मुडद्या, मी इंदूबाई. तो हसला. म्हणाला, इंदूबाई तर बोटीवर मज्जा करतायत, माझ्या पोरीनं, फिझानं फोटो दाखवला.

आपल्या दारात तू पायऱ्या धूत होतीस. किती बारीक झालीस गं. मी अंगणात उभी राहिले. तू मान वर केलीस आणि विचारलंस, कोण पाहिजे मावशी? आई नाय घरात, बोटीवर गेलीय. मंगळवारी येनार.

माझ्या तोंडून आवाजच निघेना. मी, जी आळीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलते. हातानं खूण केली, पाणी.

तू तांब्या आणलास. मी प्याले. तू माझ्याकडे बघत होतीस. बराच वेळ. मग पदरासारखी ओढणी डोक्यावर घेतलीस आणि म्हणालीस, चहा नाय देत हां, तुमाला पित्त होतं.

समीक्षा. रस्त्यावरच्या बाईला पित्त होतं हे तुला कोणी सांगितलं?

तू पण थबकलीस. मी बघितलं. तांब्या हातात तसाच. मी एक पाऊल पुढे आले, आणि तुझा फोन वाजला. तू पाठ वळवलीस, आत गेलीस, कडी लावलीस. आतून ऐकू आलं. कोणी नाय गं आई. पाण्याला आली होती एक बाई. गेली.

मी गेले नव्हते.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ

रात्री कळंबला पोचले, तर तिचा अनुभव परत आला. मी ऐकला नाही. फोन उशीखाली दाबला. उपयोग नाही — सकाळी तुझ्या वडिलांचं तोंड आठवेना. नाव नागू. कपाळ? मिशी होती का — तू सांग, होती का?

भाकरी थापायला घेतली. हात तसेच राहिले पिठात, पुढचं आठवेना.

दुपार

ग्रुपवर लिहिलं, मी खरी इंदू, मी कळंबला आहे. माझं लिहिलेलं उमटलं ते वेगळंच. बोटीवर फार मजा येतेय, उद्या भेटू. खाली सगळ्यांचे हात जोडलेले, फुलं, हसरी तोंडं. तुझा लाल बदाम.

धाकलू आला. मला दारात बघून विचारलं, शेटकडून आलात काय? कामाला? नाव काय — मी सांगितलं. तो म्हणाला, माझ्या बहिणीचं पण हेच नाव. राहा, म्हणाला, मागची खोली हाय. झाडलोट करा.

मायेनं म्हणाला. तेच जास्त —

सूर्य डोंगराआड जातोय

पानं फाडणार नाही आता. पहाटे अब्बासचा टेंपो नेरळच्या बाजाराला येतो, वही त्याच्याकडे देते. कोण्या बाईची म्हणून का होईना, तो तुझ्या हातात पोचवील.

तुझ्या एकटीसाठी लिहिते. बाकीचे मला ओळखत नाहीत. अब्बास नाही, धाकलू नाही. त्यांचं काही नाही. त्यांना दिसतच नाही. पण तुला दिसलं. पित्ताचं तुझ्या तोंडून गेलं आणि तू कडी लावलीस —

ती गोड बोलते. ये म्हणते, आठवण येते म्हणते. मला दोन वर्षांत म्हणता आलं नाही. मला अजून पण — इथे लिहिताना पण ते अक्षर —

ती तुला आवडली असेल. असू दे. पण मग तोंडावर सांग. पाण्याला आली होती एक बाई, असं नाही. घरात कोणाला घेणार ते सांग. तिला तर तिला. मी मागच्या खोलीत राहीन, झाडलोट करीन, कोणाला काही —

नाही. नाही राहणार. मी तुझी आई आहे, हे मला आज आठवतंय, उद्याचं माहीत नाही. ती आज संध्याकाळी परत सांगायला बसेल. गोल करून. काय उरलंय माझ्याकडे — तुझं नाव, आणि तू तांब्या धरून उभी होतीस ते. ते कालचं आहे, ते तिला माहीत नाही, ते एवढं तरी —

फोन वाजतोय. हिरवी पट्टी. ती सांगते आहे. अंगणात उन्हात एक बाई आली, पाणी मागितलं, असं काहीतरी —

समीक्षा, मला उत्तर पाहिजे. उद्या मंगळवार. दुपारी बोट लागायच्या आत. कळंबला ये, नाहीतर बंगल्यावर निरोप धाड, आणि एवढंच सांग, काल दारात जी उभी होती ती तुझी कोण